सायकलची वाट चौकात अडते

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी राजधानी वॉशिंग्टनला खेटून आहे. दक्षिणेला बेथेस्डा, सिल्व्हर स्प्रिंग अशी गजबजलेली उपनगरं, तर वर पसरलेली शेतं. ही जमीन बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून काउंटीनं १९८० साली सुमारे ९३ हजार एकर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्र, शेतीसाठी राखून ठेवलं. अशा मुलखात सायकलमार्ग आखणं दाट वस्तीच्या शहरापेक्षा अवघड असतं, कारण अंतरं लांब, वाहनं वेगात आणि पर्यायी रस्ते थोडे. नोव्हेंबर २०१८मध्ये मंजूर झालेल्या काउंटीच्या सायकल आराखड्यानं या कामाला जी पद्धत लावली, ती मुळातून समजून घेण्याजोगी आहे.

मार्ग कोणासाठी, हा पहिला प्रश्न. पोर्टलँड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ साली लोकांचे चार गट कल्पिले. कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त सायकल घालणारे जेमतेम १ टक्का, सायकलपट्टा असला की निघणारे सुमारे ७ टक्के, काही झालं तरी सायकलला हात न लावणारे ३३ टक्के. उरलेल्या जवळपास ६० टक्क्यांना सायकल चालवायची असते, पण गाड्यांची भीती वाटते. हे आकडे अंदाजाचे होते, पण त्यांनी नियोजनाची नजर बदलली. आराखडा या घाबरणाऱ्या बहुसंख्यांसाठी हवा. पहिल्या गटाचं कुठेच अडत नाही.

भीती मोजायची कशी, याचं उत्तर मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या अभ्यासकांनी २०१२ साली दिलं. त्यांनी रस्त्यांना ताणाच्या चार पायऱ्या लावल्या. पहिल्या पायरीवर लहान मुलंही निर्धास्त जातील, दुसरीवर बहुतेक प्रौढ, आणि चौथीवर फक्त जिवावर उदार झालेले. पायरी ठरते ती मुख्यतः वाहनांचा वेग, मार्गिकांची संख्या आणि सायकलला मिळालेली जागा यांवरून. दोन मार्गिकांचा, ताशी ४० किलोमीटरपर्यंत वेगाचा गल्लीवजा रस्ता कमी ताणाचा. सहा मार्गिकांच्या रस्त्यावर तोच सायकलस्वार गाड्यांमध्ये मिसळून चालला की ताण थेट चौथ्या पायरीवर जातो.

या पद्धतीचा सगळ्यात कडक नियम असा, की अख्ख्या प्रवासाचा ताण त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्याएवढा धरायचा. सरासरी काढायची नाही. आईवडील मुलाला सायकलवर शाळेत पाठवतात की नाही, हे वाटेतल्या एका धोकादायक चौकावर ठरतं, बाकीची वाट कितीही सावलीची असली तरी. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराला हा नियम लावला, तेव्हा सहा मैलांपर्यंतच्या कामावरच्या फेऱ्यांपैकी जेमतेम ४.७ टक्के फेऱ्या पहिल्या दोन पायऱ्यांवरून पूर्ण होऊ शकत होत्या. मोजक्या सुधारणा केल्या तर हे प्रमाण १२.७ टक्क्यांवर जाईल, असाही हिशेब अभ्यासकांनी मांडला.

माँटगोमेरीनं ही पद्धत आपल्या गरजेप्रमाणे बदलून रस्त्यांचा ताणनकाशा बनवला. अमेरिकी उपनगरांचं दुखणं अशा नकाशावर लगेच दिसतं. वसाहतींच्या आतल्या गल्ल्या शांत असतात, पण बऱ्याच गल्ल्या पुढे बंद. बाहेर पडायचं म्हणजे मोठ्या हमरस्त्यावरच यावं लागतं. परिणामी शांत गल्ल्यांची बेटं तयार होतात आणि त्यांच्यामध्ये रॉकव्हिल पाइकसारखे रुंद रस्ते आडवे येतात. कित्येकदा दोन बंद गल्ल्यांच्या टोकांना जोडणारी पन्नास मीटरची पायवाट मोठा वळसा वाचवते. रंगवलेल्या पट्ट्यांच्या किलोमीटरांपेक्षा अशा जोडण्यांची किंमत जास्त आहे.

चौकाकडे तर बारकाईनं पाहायला हवं. अमेरिकेत वाहनं उजव्या बाजूनं चालतात. रस्त्याच्या कडेनं आलेला सायकलपट्टा चौकाच्या थोडं अलीकडे संपतो, कारण ती जागा उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांना दिलेली असते. सरळ जाणारा सायकलस्वार नेमका तिथेच वळणाऱ्या गाड्यांच्या लोंढ्यात सापडतो. उपाय ठाऊक आहेत: वळणाची त्रिज्या कमी करणं, कोपऱ्यावर दगडी बेट बांधून सायकलला गाड्यांपासून वेगळं ठेवणं, सिग्नलला सायकलसाठी वेगळा वेळ देणं. अडचण मालकीची असते. काउंटीतले बरेच हमरस्ते राज्याच्या ताब्यात आहेत, त्यामुळे चौक बदलायला काउंटीला राज्याची संमती लागते.

ग्रामीण भागात प्रश्न निराळा. रस्ता अरुंद, कडेला मोकळी पट्टी नाही, वळणापलीकडचं दिसत नाही. सायकलला ओलांडताना ३ फूट अंतर ठेवा, असा कायदा मेरीलँडमध्ये २०१० पासून आहे, पण आंधळ्या वळणावर निव्वळ कायद्यानं भागत नाही. तिथे डांबरी कड रुंद करणं हाच व्यवहार्य उपाय, त्यातही चढाच्या बाजूला आधी, कारण चढावर सायकलचा वेग मंदावतो आणि मागून येणाऱ्या गाडीशी तफावत वाढते.

जुन्या वाटाही कामी येतात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची कॅपिटल क्रेसेंट ट्रेल बेथेस्डाहून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत जाते आणि पोटोमॅक नदीकाठच्या चेसापीक-ओहायो कालव्याची वाट काउंटीच्या कडेनं पश्चिमेला निघते. मात्र अशा वाटेवर पोहोचायला आधी गाडीत सायकल टाकावी लागत असेल, तर ती रोजच्या प्रवासाची वाट होत नाही. म्हणून वस्तीपासून तिथवरचा दुवा आणि मेट्रो स्थानकावर सायकल ठेवायची सुरक्षित, छप्पर असलेली सोय आराखड्यातच हवी. मग प्रगतीही त्याच मापानं मोजता येते: घरापासून शाळा, दुकान किंवा स्थानकापर्यंतच्या किती फेऱ्या आता कमी ताणाच्या वाटेनं पूर्ण होतात.