पटकीची लस कोणी करायची?

२०२४ च्या जानेवारीत आफ्रिकेतील झांबिया देशाच्या राजधानीत, लुसाका येथे, हीरोज या राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियमचे इस्पितळ करावे लागले. पटकीचे रुग्ण ठेवायला शहरात जागा उरली नव्हती. साथ ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाली होती. नाताळनंतर उघडायच्या शाळा दोनदा पुढे ढकलल्या गेल्या आणि अखेर १२ फेब्रुवारीला उघडल्या. वीस हजारांहून अधिक लोकांना लागण झाली, सातशेहून अधिक माणसे मेली.

रेल्वे-टपाल कामगारांच्या पानावर झांबियाची पटकी कशाला, असे आमचे काही वाचक विचारतील. एक गंमत आधी सांगतो. लुसाका हे शहर मुळात रेल्वेचेच अपत्य. १९०५ च्या सुमारास उत्तरेकडे जाणारी लाइन टाकताना तिथे एक साइडिंग निघाले, त्याला जवळच्या गावमुखियाचे नाव पडले आणि पुढे त्याची राजधानी झाली. दुसरे कारण मात्र गमतीचे नाही. या साथीत जी लस कमी पडली ती काही काळापूर्वीपर्यंत आपल्या देशात, सिकंदराबाद-मनमाड मार्गावरच्या मेडचल येथे तयार होत होती.

पटकी हा गरिबाचा रोग आहे, आणि उपचार वेळेवर मिळाला तर शंभरात एकही माणूस दगावू नये असा तो रोग आहे. हे जगाला बऱ्याच अंशी आपल्याच देशाने शिकवले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजायला नर्स नव्हत्या, म्हणून नातेवाइकांच्याच हातात पेला दिला. शेकडा ३० च्या घरातले मृत्यूचे प्रमाण ४ च्या खाली आले. लुसाकात मात्र हे प्रमाण शेकडा ३ च्या वर राहिले, कारण पुष्कळ माणसे घरीच किंवा केंद्राच्या वाटेवर गेली. साखर-मिठाचे पाणी पाजण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

सरकार हातावर हात ठेवून बसले होते असे कोणी म्हणू नये. टँकर फिरले, क्लोरीन वाटले गेले, स्टेडियममध्ये खाटा लागल्या. राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा यांनी शहरातल्या लोकांना गावाकडे जाऊन राहण्याचाही सल्ला दिला. तो वाचताना आम्हाला आपल्याकडचा मरीआईचा गाडा आठवला. गावात पटकी आली की मरीआईला गाड्यात बसवून शिवेबाहेर लोटायचे, मग पुढच्या गावाने काय करायचे ते करावे. पण या सल्ल्याला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. कन्यामासारख्या वस्तीत घराला घर लागून आहे, शोषखड्डा आणि उथळ विहीर यांत काही पावलांचे अंतर आहे, आणि खाली डोलोमाइटचा भेगाळ खडक आहे. पाऊस पडला की वरची घाण सरळ विहिरीत. याच शहरात २०१७-१८ मध्येही साथ येऊन गेली होती. त्यानंतर नळ व गटारे का झाली नाहीत, याचे एक उत्तर तिजोरीत आहे. २०२० च्या नोव्हेंबरात झांबियाला परदेशी कर्जाचा हप्ता भरता आला नाही, आणि सावकारांशी तडजोड व्हायला २०२३ उजाडले. ज्या देशाचा पैसा व्याजात जातो त्याच्या गटारांचे काम कोणत्या पंचवार्षिकात निघेल?

अशा ठिकाणी लस हे पाइपला उत्तर नाही. पण पाइप टाकीपर्यंत माणसे जगवायला ती उपयोगी पडते. तोंडाने द्यायची, स्वस्त, बिनासुईची. आमच्या जुन्या मंडळींना वारीच्या दिवसांतली पटकीची सक्तीची टोचणी आणि सुजलेला दंड आठवत असेल. ते दिवस गेले. नव्या लसीचे मूळ व्हिएतनाममध्ये आहे. तिची मोठी चाचणी कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत झाली, तिथल्या आपल्या सरकारी पटकी-संशोधन संस्थेच्या सहभागाने. सुमारे ६७ हजार माणसे त्यात सामील होती. पाच वर्षे पाहणी करून संरक्षण ६५ टक्के भरले. कोलकात्याच्या गरिबांनी ती आपल्या पोटात घेऊन पारखून दिली, हे वाक्य कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाही.

मेडचलच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस बाजारात आणली आणि २०११ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. कंपनी २००९ पासून सानोफी या फ्रेंच कंपनीच्या मालकीची होती. २०१३ पासून साथींसाठी लसीचा जागतिक साठा सुरू झाला. आणि २०२० मध्ये सानोफीने जाहीर केले की हे उत्पादन आम्ही बंद करणार. कंपनीचे म्हणणे असे की जगाच्या गरजेपुढे आमचा वाटा लहान आहे आणि दुसरे उत्पादक क्षमता वाढवीत आहेत. दुसरे उत्पादक म्हणजे किती? जागतिक साठ्याला पुरवठा करणारी एकच कंपनी उरली, दक्षिण कोरियातली. साथी मात्र वाढत होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय यंत्रणेला ठरवावे लागले की माणशी दोनऐवजी एकच मात्रा द्यायची. झांबियाला जानेवारी २०२४ च्या मध्यावर सुमारे १४ लाख मात्रा मिळाल्या, साथ जाहीर झाल्यावर तीन महिन्यांनी. फेब्रुवारीत भारत सरकारने पाणी शुद्ध करण्याचे साहित्य, क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे विमानाने पाठवली. चांगलेच केले. पण लसीचा कारखाना बंद होताना कोणी काय केले, हेही विचारायला हवे.

सानोफीने कायदा मोडला नाही. आमची तक्रार तीच आहे. कंपनीचे गणित बरोबर होते, कारण या लसीच्या गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे नाहीत. ज्या वस्तूवर हजारोंचे प्राण अवलंबून आहेत ती एका हिशेबनिसाच्या बरोबर गणिताने नाहीशी होते. खाउजाच्या काळापासून आम्ही हेच ओरडत आलो. तेव्हा रेल्वेची छपाई, कँटीन व सफाई यांवर बोलत होतो, म्हणून ते आमच्या पोटाचे दुखणे वाटले.

लस सरकारी कारखान्यात होऊ शकते हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. मुंबईची हाफकिन १८९९ पासूनची. ज्यांचे तिला नाव आहे ते हाफकिन १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले ते पटकीचीच लस घेऊन. टपालातल्या आमच्या बंधूंना तर आणखी जवळचा दाखला आहे. दार्जिलिंगजवळ मुंगपूच्या सरकारी कारखान्यात सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन निघे आणि त्याच्या पुड्या टपाल कचेरीच्या खिडकीवर एकेका पैशाला विकल्या जात. इंग्रजांना कोणी समाजवादी म्हणणार नाही, पण हिवतापाचे औषध बाजाराच्या भरवशावर सोडता येत नाही एवढे त्यांनाही कळले. स्वतंत्र भारतात, जानेवारी २००८ मध्ये, कसौली, कुन्नूर व गिंडी येथील तीन सरकारी लस संस्थांचे परवाने उत्पादनाच्या निकषांवर बोट ठेवून स्थगित झाले, ते परत मिळायला २०१० उजाडले. निकष पाळलेच पाहिजेत, यात वाद नाही. पण छप्पर गळते म्हणून घर बंद करायचे की छप्पर दुरुस्त करायचे?

ऑगस्ट २०२४ मध्ये हैदराबादच्याच भारत बायोटेकने नवी तोंडी लस आणली, वर्षाला २० कोटी मात्रांपर्यंत क्षमता असल्याचे सांगितले. आनंदाची गोष्ट आहे. आमची मागणी तरी कायम आहे. पटकीच्या लसीचा एक तरी कारखाना सरकारच्या हाती असावा, म्हणजे उद्या कोणाचे गणित बदलले तरी दार बंद होणार नाही.

आणि नळाचे काय? एका रेल्वे कॉलनीतली गोष्ट आहे, नाव घेत नाही. पिण्याची लाइन गटारातून गेलेली, जोड गळका. पोरांना जुलाब सुरू झाले तेव्हा युनियनने क्लोरीन तपासणीची वही मागितली. वही होती, पण नोंद करणाऱ्याचे पद वर्षापूर्वी सरेंडर झाले होते आणि ठेकेदाराच्या माणसाला ओ.टी. चाचणी म्हणजे काय हे कोणी सांगितलेच नव्हते. पाण्याच्या बाटलीत पिवळा रंग येतो की नाही एवढे पाहायचे असते. लुसाका इतके लांब नाही.

शाखांनी या महिन्यात आपापल्या कॉलनीची, स्टेशनची व टपाल वसाहतीची ओ.टी. नोंदवही मागून पाहावी. मिळाली तर शेवटच्या नोंदीची तारीख आम्हाला कळवावी. मिळाली नाही तर तेही कळवावे.