शिंगालाही गुरू हवा

आपल्याकडे तबला शिकवतात, पेटी शिकवतात, भरतनाट्यम् शिकवतात. शिंग मात्र कोणी शिकवताना मी आमच्या भागात पाहिलेले नाही. "त्यात शिकायचे काय? फुंक मारली की वाजले!" असे उत्तर चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही मिळते. हे उत्तर चूक आहे, आणि अशा समजुतीमुळेच हे वाद्य आपल्या डोळ्यांदेखत चालले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिंग म्हणजे पितळेची किंवा तांब्याची वाकडी नळी. तिची बहीण तुतारी. कन्नड विभागातील आपले मित्र कहळे किंवा कोंबु म्हणतात. तिला भोके नाहीत, पट्ट्या नाहीत. बासरीवाल्याला निदान बोटांचा आधार असतो; शिंगवाल्याजवळ ओठ आणि श्वास एवढेच भांडवल. ओठ सैल असले तर षड्ज, जरा आवळले तर पंचम, आणखी आवळले तर वरचा षड्ज. या पट्टीतले मधले स्वर नळी देतच नाही. ताण थोडा चुकला की स्वराऐवजी नुसती फुरफुर. हे विनासायास येते असे म्हणणाऱ्याने एकदा फुंकून पाहावे.

युरोपात फ्रेंच हॉर्न नावाचे वाद्य आहे. तेही मुळात शिंगच. शिकारीच्या वेळी इशाऱ्यासाठी ते फुंकीत. त्याची नळी गुंडाळलेली असते. सरळ केली तर सुमारे 12 फूट भरेल. इतक्या लांब नळीत वरचे स्वर एकमेकांना अगदी खेटून येतात, म्हणून मुरलेल्या वादकाचाही स्वर घसरतो, आणि म्हणूनच रोजच्या रियाजाला पर्याय नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी हॅम्पेल नावाचा वादक होता. नळीच्या रुंद तोंडात उजवा हात कमीजास्त घालून मधले स्वर काढण्याची पद्धत त्याने बसवली आणि शिष्यांना शिकवली. त्याचा एक शिष्य बोहेमियातील एका सरदाराच्या वेठकऱ्याचा मुलगा. सरदारानेच त्याला शिकायला पाठवले होते. पुढे तो चाकरी सोडून पळाला, तेव्हा त्याने पुन्हा वाजवू नये म्हणून त्याचे पुढचे दात पाडण्याचा हुकूम सुटला, असे सांगतात. तो निसटला, जोव्हान्नी पुंतो हे इटालियन नाव घेतले, आणि 1800 साली खुद्द बेथोव्हनने त्याच्यासाठी सोनाटा रचला. आपल्या गुरूची पद्धतही त्याने पुस्तकरूपाने छापली. बोटांनी दाबायचे व्हॉल्व्ह नंतर आले. त्यांचे पेटंट 1818 सालचे. म्हणजे आधी विद्या आली, यंत्र मागाहून.

आता आपल्याकडे पाहू. मराठी शाळेत शिकलेल्या आपणांपैकी अनेकांना केशवसुतांची 1893 सालची 'तुतारी' ठाऊक आहे. 2024 साली तुतारी वाजवणारा माणूस महाराष्ट्रात निवडणूक चिन्हही झाला. लग्नाची वरात, पुढाऱ्याचे स्वागत, शिवजयंती, सगळीकडे तुतारी हवी. मात्र वाजवणारा कोठे बसतो, कोठे जेवतो, हे कोणी विचारत नाही. वाद्याला मान आणि वादकाला मांडवाबाहेरची जागा, हा आपला जुना हिशेब आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून दुसरा हिशेबही मांडतो. समजा, वादकाला वर्षातून वीस दिवस काम मिळाले. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस त्याचे कसब पडून राहते. शिवाय रियाज करायचा कोठे? आमच्या कुंभारवाड्याकडे अवेळी शिंग वाजले तर "काय झाले रे?" म्हणून माणसे अंगणात येतील. म्हणजे जत्रेत वाजवायचे आणि जत्रेतच शिकायचे! अशा धंद्यात मुलाने यावे असे कोणता बाप म्हणेल?

"परंपरा रक्तातच असते, ती शिकवावी लागत नाही," असा एक आक्षेप घेतला जातो. रक्तातून स्वर येत असता तर पुंतोला ड्रेस्डेनला जावे लागले नसते. आणि त्याच घराण्यातील मुलांनी हे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहावे, आपण टाळ्या वाजवाव्यात, हा कोणता न्याय? त्या मुलाला बँकेत नोकरी करायची असेल तर तो त्याचा हक्क आहे. शिंग वाचवायचे असेल तर ते जन्माकडून विद्येकडे आणले पाहिजे. शिकायला येईल त्या प्रत्येकाला, मुलींनासुद्धा, ते खुले हवे. "मग मूळ वादकांचे काम जाईल" अशी भीती घालणाऱ्यांना माझे उत्तर असे की, गुरुजी म्हणून त्यांनाच बोलवा.

हे अशक्य नाही. आमच्या तालुक्याला लागूनच गोवा आहे. तेथे पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून गावच्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणावर पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य.

आपल्या महाविद्यालयापुरती माझी सूचना साधी आहे. सांस्कृतिक विभागाने दोन शिंगे विकत घ्यावीत. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी परिसरातील एखाद्या वादकाला बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, ठरलेले मानधन द्यावे आणि 'सर' म्हणावे. ते जे सांगतील ते मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत वहीत उतरवून ठेवावे: श्वास कसा घ्यायचा, ओठ कसे धरायचे, पहिल्या महिन्यात काय, दुसऱ्यात काय. आजवर हे कोणी लिहून ठेवले नाही म्हणूनच "त्यात शिकायचे काय" असे म्हणण्याची सोय झाली. सीमेच्या प्रश्नावर आपली मते निरनिराळी असतील. तुतारी आणि कहळे यांना फुंक मात्र एकच लागते.

वार्षिक संमेलनाला पाहुणे येतात तेव्हा बाहेरून तुतारीवाला आणतो आपण. पुढील वर्षी ती तुतारी आपल्यापैकीच कोणीतरी वाजवावी, आणि शिकवणारे गुरुजी पाहुण्यांच्या शेजारी व्यासपीठावर बसलेले असावेत. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर खर्च फार नाही. नावे द्यायला विद्यार्थी तयार आहेत. पहिले नाव माझे लिहावे.