आधी वारा, मग तिकीट

परदेशातील एखाद्या बेटावर सुटी घालविण्याचा विचार कुटुंबात निघाला, की पहिला प्रश्न विमानाच्या भाड्याचा उपस्थित होतो, दुसरा हॉटेलातील तरणतलावाचा, आणि घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर तिसरा प्रश्न तेथे वरणभात मिळेल की नाही याचा. परंतु त्या बेटावर त्या महिन्यात वारा कोणत्या दिशेने वाहतो हा प्रश्न, जो वास्तविक सर्वांच्या आधी विचारला जावा, तो सहसा कोणाच्या मुखी येत नाही. दिवाळीच्या सुटीत मॉरिशसला जाण्याचा बेत करणाऱ्या परिचितांच्या पृच्छा या दिवसांत माझ्याकडे येत असतात, आणि त्यांतील निम्म्या मंडळींनी हॉटेलचे पैसे आधीच भरलेले असल्याने माझा सल्ला बहुधा निरुपयोगी ठरतो. ज्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत, अशांसाठी हा लेख.

नकाशा उघडून पाहिला तर असे दिसेल, की नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण जितक्या अंतरावर आहे तितक्याच अंतरावर दक्षिणेला मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई आहे. दोहोंचे अक्षांश 20 च्या आसपास. हवा मग ओळखीचीच असणार असे अनुमान येथून निघते आणि ते बव्हंशी खरेही आहे, परंतु ऋतू उलटे आहेत. आपण स्वेटर काढतो तेव्हा तेथे घामाच्या धारा लागलेल्या असतात, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणाच्या सरी कोसळत असताना तेथे हिवाळा चालू असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हे उष्ण आणि दमट महिने, त्यांतही जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य हंगाम; जून ते ऑगस्ट हा थंड आणि वाऱ्याचा काळ. या दोहोंच्या सांध्यावरचे मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे हवामानाच्या दृष्टीने वर्षातील उत्तम दिवस, आणि योगायोगाने आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्यांचा काही भाग नेमका त्यांवरच येतो. इतकी अनुकूलता असताना नाताळातच जाण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्या पंधरवड्यात अर्धे युरोप तेथे उतरलेले असते आणि भाडी त्याच मानाने चढलेली असतात. लिचीचा हंगाम मात्र तेव्हा ऐन भरात असतो, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

आता वाऱ्याचा मुद्दा. हे बेट आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या मार्गात उभे आहे. मध्यभागी उंच पठार, त्यावर क्युरपीपसारखे सदा भिजलेले गाव, आणि सभोवती उतरत गेलेला किनारा अशी त्याची रचना असल्याने, समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा पूर्वेच्या अंगास आदळतो, पठारावर पाऊस सोडतो आणि पश्चिमेच्या अंगास उतरेपर्यंत कोरडा आणि सौम्य होतो. सह्याद्रीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. व्यवहारात याचा अर्थ असा, की जुलैत बेल मारसारख्या पूर्वकिनाऱ्यावर उतरलेले कुटुंब उडणारी वाळू झटकीत खोलीत बसते, आणि त्याच दिवशी तासा-दीड तासाच्या मोटारप्रवासाच्या अंतरावर, फ्लिक आँ फ्लाकच्या पश्चिमकिनाऱ्यावर, लोक स्वच्छ उन्हात पोहत असतात. उलटपक्षी डिसेंबर-जानेवारीच्या उकाड्यात हाच पूर्वेचा वारा सुखद वाटतो आणि पश्चिमेकडे जीव कासावीस होतो. ल मॉर्नचा नैऋत्येकडील कोपरा वाऱ्यावर पतंग बांधून लाटांवर धावणाऱ्यांचा, म्हणून ज्यांना तो खेळ खेळावयाचा आहे त्यांनी हिवाळ्यात तेथेच जावे. इतरांनी हिवाळ्यासाठी पश्चिम किंवा वायव्येकडील त्रू ओ बिश निवडावे. ग्राँ बे हे उत्तरेचे गजबजलेले गाव. दुकाने, उपाहारगृहे आणि रात्रीची वर्दळ ज्यांना हवी त्यांना ते सोयीचे, आणि शांततेसाठी एवढ्या दूर आलेल्यांना गैरसोयीचे. दलालाच्या सुबक पुस्तिकेतील छायाचित्रात वारा दिसत नाही, म्हणून हॉटेलचा दर्जा पाहण्यापूर्वी ते कोणत्या अंगास आहे हे पाहावे.

चक्रीवादळाच्या महिन्यांत जाणे भागच असेल, तर तेथील इशाऱ्यांची पद्धत माहीत करून घ्यावी. हवामान खाते चार श्रेणींत सूचना देते. पहिली श्रेणी म्हणजे केवळ सावधगिरी, तिसरी जाहीर झाली की दुकाने आणि वाहने बंद होतात, आणि चौथी म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झाले असा अर्थ. 1960 साली अ‍ॅलिक्स आणि कॅरोल या लागोपाठच्या दोन वादळांनी गावेच्या गावे भुईसपाट केल्यानंतर तेथील लोकांनी लाकडी-पत्र्याची घरे सोडून काँक्रीटची घरे बांधली, त्यामुळे आज पक्क्या इमारतीत बसलेल्या प्रवाशाच्या जिवाला फारसे भय नसते. भय असते ते विमान रद्द होण्याचे आणि दोन-तीन दिवसांचा जादा खर्च अंगावर येण्याचे. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या होत्या. म्हणून विमापत्र घेताना त्यातील बारीक अक्षरे भिंगाखाली धरून वाचावीत: वादळामुळे मुक्काम लांबल्यास भरपाई मिळते काय, आणि बोटीमागे छत्री बांधून उडण्यासारख्या खेळांतील इजा त्यातून वगळल्या आहेत काय. बहुधा वगळलेल्या असतात, आणि मुलांना हवे असतात ते खेळ नेमके तेच.

दस्तऐवजांचे प्रकरण त्या मानाने सोपे. भारतीय पारपत्रधारकाला पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, मुक्कामाच्या जागेचा पुरावा आणि खर्चापुरती रक्कम दाखविता आली म्हणजे प्रवेशाचा शिक्का विमानतळावरच मिळतो. प्रवासापूर्वी संगणकावर भरावयाचा एक सरकारी नमुना तेवढा असतो. तो घरूनच भरावा, कारण रात्रभर जागलेल्या माणसाला विमानतळावरील रांगेत स्वतःच्या पारपत्राचा क्रमांकही नीट वाचता येत नाही. अधिक दक्षता हवी ती औषधांच्या बाबतीत. अंमली पदार्थांसंबंधी तेथील कायदा अत्यंत कडक असून, आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि काही झोपेच्या गोळ्या त्याच्या कक्षेत येतात. आजीच्या पिशवीतील सुट्या गोळ्यांची पुरचुंडी घरी ठेवून प्रत्येक औषध मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे, आणि शंका असलेले औषध पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नये. बियाणे, रोपे, ताजी फळे यांनाही परवान्यावाचून मज्जाव आहे.

पैशाची तजवीज तीन ठिकाणी विभागून करावी. मॉरिशसच्या चलनाचे नावही रुपयाच, मात्र तो आपल्या रुपयाच्या दुपटीच्या जवळपास जड; त्यामुळे फलकावरील आकडे पाहून स्वस्ताईचा जो भास होतो त्यावर विश्वास ठेवू नये. 12 फेब्रुवारी 2024 पासून आपली यूपीआय आणि रुपे कार्डे तेथे चालू झाली असली, तरी ती प्रत्येक दुकानात चालतील असे गृहीत धरता येत नाही. बस आणि रस्त्यावरील खाद्यपदार्थ यांसाठी रोकड लागतेच. येथून थोडे युरो न्यावेत आणि हुंडणावळीचा दर दोन ठिकाणी विचारून ते मोडावेत. सहल-कंपनीकडून संपूर्ण सहल घेतली असल्यास तिने वसूल केलेल्या कराची पावती जपून ठेवावी, म्हणजे विवरणपत्रात त्याची रुजवात घालता येते. ही रक्कम खर्ची पडली असे समजून विसरून जाणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

मुक्कामाचा करार करताना जेवणाचे कलम नीट पाहावे. सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण समाविष्ट असलेला प्रकार मराठी कुटुंबाला पुरेसा आहे. सर्वसमावेशक म्हणून जो महागडा प्रकार विकला जातो त्यात बहुतांश किंमत मद्याची असते, आणि ताक पिणाऱ्या माणसाने ती का भरावी याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही. दुपारी बाहेर पडावे आणि रस्त्याच्या कडेला ढोल पुरी खावी. चण्याची डाळ शिजवून, वाटून भरलेली ही पातळ पोळी म्हणजे गुळावाचूनची पुरणपोळीच; वर घेवड्याची उसळ, टोमॅटोची चटणी आणि मिरचीचा ठेचा घालून ती जोडीनेच देतात. तिच्याबरोबर गातो पिमाँ नावाचे डाळवडे मिळतात. शुद्ध शाकाहारी माणसाची उपासमार या बेटावर होत नाही. ती झालीच तर मोठ्या हॉटेलच्या भोजनगृहातच होते.

बेट लहान दिसते, लांबी सुमारे 65 किलोमीटर. तरी एका दिवसात पुरे करण्याचा अट्टहास करू नये. सकाळी पोर्ट लुईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोटारींची दाटी होते, गावोगावच्या बसगाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात, आणि रविवारी दुपारनंतर राजधानी ओस पडते. लार्सन अँड टुब्रो या आपल्या कंपनीने बांधलेली मेट्रो पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत जाते. पठारावरील गावे पाहण्यास ती स्वस्त आणि सुखकर. अन्यत्र दिवसभरासाठी चालकासह मोटार ठरवावी आणि रक्कम बसण्यापूर्वी नक्की करावी. स्वतः चालविणाऱ्यास डावी बाजू ओळखीची वाटेल, पण आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असावा. महाशिवरात्रीच्या आधीच्या दिवसांत गंगा तलावाकडे लाखो भाविक कावडी घेऊन चालत जातात. ते पाहावयाचे असेल तर मुद्दाम जावे, नसेल तर त्या दिवसांत पठारावरून कोठे वेळेवर पोहोचण्याची आशा करू नये.

समुद्रासंबंधी एवढेच, की बेटाला प्रवाळाच्या कड्याने जवळजवळ वेढले असून त्याच्या आतील पाणी उथळ आणि शांत असते. जेथे ते कडे तुटलेले आहे, उदाहरणार्थ दक्षिणेस ग्री ग्री येथे, तेथे खवळलेल्या लाटा काठावरून पाहाव्यात, पाण्यात पाऊल टाकू नये. उथळ पाण्यातही रबरी जोडे घालावेत, कारण प्रवाळाची धार आणि दगडासारख्या दिसणाऱ्या माशाचा विषारी काटा ही दोन्ही तेथे आहेत. डासांवरचे मलम विसरू नये; चिकुनगुन्याची साथ या बेटावर येऊन गेलेली आहे. आपली तीन गोल खुंट्यांची विजेची खुंटी तेथील भोकांत बसत नाही, म्हणून जोडणी घेऊन जावी. घड्याळ दीड तास मागे करावे.

आणि एक सकाळ, किनाऱ्यावरची नव्हे, पोर्ट लुईची राखून ठेवावी. बंदराशेजारी आप्रवासी घाट आहे. 2006 पासून जागतिक वारसास्थळ. गुलामगिरीवर बंदी येताच उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले, आणि 1834 पासून पुढील सुमारे आठ दशकांत साडेचार लाखांच्या घरात माणसे करारपत्रावर अंगठे उमटवून भारतातून या बेटावर आली. त्यांतील बहुसंख्य बिहारकडील, परंतु मुंबई बंदरातून सुटलेल्या गलबतांत रत्नागिरी-सावंतवाडीकडील कोकणी शेतकरीही होते. त्यांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी इतक्या निष्ठेने टिकविली, की तो आज तेथील सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. आणि आपल्या कोकणातील जाखडीचा नाच त्यांच्याकडे झाकरी या नावाने अजून चालतो. मजुरांच्या नोंदींची दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत: नाव, जात, गाव, गलबत, आणि उत्तरकाळातील कित्येकांची छायाचित्रेसुद्धा. परतीच्या नोंदी नसलेल्या एखाद्या पूर्वजाची कुणकुण घराण्यात असेल, तर निघण्यापूर्वीच संस्थेशी पत्रव्यवहार करावा. ऐनवेळी दारात उभे राहून दप्तर उघडत नसते. घाट रविवारी बंद असतो, आणि 2 नोव्हेंबरला, म्हणजे पुष्कळदा आपल्या दिवाळीच्या सुटीतच, पहिल्या मजुरांच्या आगमनाचा राष्ट्रीय दिवस तेथे पाळला जातो. या दिवशी तेथे असण्याचा योग साधता आला तर अवश्य साधावा. सात रंगांची माती पाहण्यास शामारेलला सगळेच जातात. घाटावर आपल्या सहल-कंपन्या उभ्या उभ्या पंधरा मिनिटे देतात, आणि हे मला, स्पष्टच सांगायचे तर, लाजिरवाणे वाटते.

विमानतळ आग्नेयेस, ग्राँ बेपासून तासाभराहून अधिक अंतरावर, हे लक्षात घेता शेवटचा मुक्काम तेथून जवळच्या ब्लू बे किंवा माएबूरला हलवावा. दुसरा दिवस सोमवार येईल असे जमविता आले तर उत्तम, कारण माएबूरचा आठवडी बाजार सोमवारी भरतो. बुआ शेरीचा व्हॅनिला घातलेला चहा तेथे घ्यावा. शंखशिंपले आणि प्रवाळाचे तुकडे घेऊ नयेत, ते देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. लोणच्याची बाटली घेतलीत तर ती मोठ्या पेटीत कपड्यांच्या मध्ये ठेवावी, हातातल्या पिशवीत ठेवल्यास तपासणीच्या वेळी ती काढून घेतात.