तारीख चुकली म्हणून हक्क चुकत नाही

मांजरीत आमच्या सोसायटीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिथे एक आपा राहतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा वारलेला, माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं. एका केटरिंगवाल्याकडे भांडी घासतात. घरात म्हाताऱ्या सासूबाई आणि शिकणारी दोन मुलं. केशरी कार्डावर चार नावं, प्राधान्य कुटुंबाचा शिक्का. माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला वीस किलो धान्य.

रेशनच्या ई-केवायसीची धावपळ चालू होती तेव्हाची गोष्ट. मुलांचे अंगठे लगेच जुळले. आपांचा जुळेना. रोज तारेच्या घासणीने पातेली घासणाऱ्या हाताला रेषा कितीशा राहणार? सासूबाईंचंही तेच. आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा, तोही कधीच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपीचा मार्ग नाही. दुकानदार म्हणाला, "मंगळवारी या, परत बघू." त्या मंगळवारी गावाकडे सासूबाईंचे भाऊ वारले. दोघी मयतीला गेल्या आणि आठ दिवसांनी परतल्या. तोवर मुदत संपली होती. पुढच्या महिन्यात मशीनमधून दहा किलोचीच पावती निघाली.

आपा कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. मी काय बोललो, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "आपा, तारीख दिली होती ना? जायला हवं होतं." त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीला गाठ मारली आणि गेल्या.

त्याच आठवड्यात माझ्या पासपोर्टच्या नूतनीकरणाची तारीख होती, मुंढव्याच्या केंद्रात. ऑफिसात रिलीज अडकलं. मी मोबाईलवर पासपोर्टची साइट उघडली, तारीख बदलली आणि कामाला लागलो. दोन मिनिटं लागली. कारण कुणी विचारलं नाही, हात जोडावे लागले नाहीत. रात्री घरी येताना आपांचा चेहरा आठवला. मला परदेशी जाण्यासाठी तारीख बदलून मिळते. त्यांना जेवणासाठी मिळत नाही. आणि वर मीच त्यांना वक्तशीरपणा शिकवला होता.

मी सॉफ्टवेअर लिहितो. समोरच्याने वेळेत उत्तर दिलं नाही तर काय करायचं, हे आम्हाला प्रत्येक ठिकाणी आधी ठरवावं लागतं. थांबायचं, पुन्हा विचारायचं, की दार बंद करायचं? मशीन यातलं काहीच स्वतःहून ठरवत नाही, ते माणूस ठरवतो. बँकेचा ओटीपी आला नाही तर "पुन्हा पाठवा" असं बटण असतं, कारण ग्राहक गमावणं बँकेला परवडत नाही. रेशनच्या यंत्रणेत तसं बटण नसेल, तर गरीब माणूस गमावणं कुणाला तरी परवडतंय, एवढाच त्याचा अर्थ. "सिस्टीममधून नाव गेलं" हे वाक्य मला तेव्हापासून सहन होत नाही. नाव आपोआप जात नाही.

अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नासाठी सरकारी मदत मिळते, आणि त्यासाठी मुलाखत द्यावी लागते, बहुतेकदा फोनवर. तिथल्या नियमात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. मुलाखत चुकली तर कार्यालयाने कुटुंबाला तसं कळवायचं आणि नवी तारीख मागून घेता येईल हे सांगायचं. केवळ मुलाखत चुकली म्हणून अर्ज केल्यापासून तीस दिवसांच्या आत तो फेटाळायचा नाही. व्यवहारात तिथेही माणसं तासन्‌तास फोन धरून बसतात. मिसुरी राज्यात फोनच लागत नाही म्हणून लोक न्यायालयात गेले, आणि मे २०२४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांना कोर्टात बोट ठेवायला एक नियम होता, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे काहीच नाही, असं मात्र नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्याच्या कलम १३ नुसार घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असते. आपांच्या घरात त्या सासूबाई. म्हणजे कार्ड ज्यांच्या नावाने, त्यांच्याच वाट्याचं धान्य बंद! सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या घरचं कार्ड आधारशी न जोडल्याने रद्द झालं होतं. घरचे म्हणाले भूक, सरकार म्हणालं मलेरिया. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न विभागाने सर्व राज्यांना लेखी कळवलं की, केवळ आधार नाही म्हणून कुणाचं नाव यादीतून काढू नये, आणि नेटवर्क नाही किंवा बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून धान्य नाकारू नये. ई-केवायसीची मुदतही अनेकदा वाढवली गेली. पण हे आपांपर्यंत कोण पोचवणार?

इथे आपल्या घरातलंही थोडं बोलू. आपल्या मोहल्ल्यात कागदाची भीती जास्त आहे. आधारवर "शेख", कार्डावर "शैख". एका कागदावर "बी", दुसऱ्यावर "बेगम", तिसऱ्यावर दोन्ही गायब. २०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या कागदांवरून जे वातावरण तापलं, त्यानंतर तर कुठल्याही खिडकीपुढे उभं राहताना आपली माणसं आधीच खाली मान घालतात. नाव कापलं गेलं तर विचारायला जात नाहीत. विचारलं आणि उलट आपल्याकडेच आणखी काही मागितलं तर? या भीतीने सोडलेला हक्क कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

आणि आपण सुशिक्षित तरुण काय करतो? रमजानमध्ये किट वाटतो. मीही पैसे देतो, पुढेही देईन. पण हिशेब करून पाहा. आपांच्या घरातल्या दोन नावांचं धान्य वर्षाला १२० किलो होतं. आपलं किट वर्षातून एकदा येतं, तेही आपल्याला आठवलं तर. किट घेताना आपांना आपल्याला दुवा द्यावी लागते. हक्काचं धान्य घेताना कुणाचे उपकार मानावे लागत नाहीत.

मी आपांकडे गेलो आणि आधी माफी मागितली. मग आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहिला. कार्ड क्रमांक, दोघींची नावं, ठसे कोणत्या दिवशी जुळले नाहीत, दिलेल्या तारखेला का येता आलं नाही, आणि शेवटी मागणी: ई-केवायसीसाठी नवी तारीख द्यावी, ठसे जुळत नसल्याने चेहऱ्यावरून ओळख पटवावी, तोवर धान्य बंद ठेवू नये. खाली २०१७ च्या पत्राचा उल्लेख. दोन प्रती काढल्या. एक दिली, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घेतला. पोच मागितल्यावर समोरच्या बाईंनी वर पाहिलं, एवढंच. आठवड्यात नवी तारीख मिळाली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आपांचा चेहरा पहिल्या खेपेला जुळला, सासूबाईंचा चौथ्या. पुढच्या महिन्यात वीस किलोची पावती आली.

मधल्या तीन महिन्यांचे तीस किलो आलेले नाहीत. कायद्यात धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, त्यासाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे दुसरा अर्ज दिला आहे. तिथे दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोग आहे. हेल्पलाईन १९६७ आहे. आणि ध्यानात ठेवा, मुदत फक्त आपांना नसते. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत देणं कार्यालयावरही बंधनकारक आहे. विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

मित्रांनो, हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत अशी एक तरी आपा आहे, खाला आहे. तिला रेशन पूर्ण मिळतं का, हे या आठवड्यात विचारा. तिने "तारीख चुकली" म्हटलं तर मी म्हणालो ते म्हणू नका. एक कागद घ्या, दोन प्रती करा, पोच घ्या. आपल्या कार्यक्रमांतून, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, महिला मंडळाच्या बैठकीत महिन्यातून एक तास अर्ज लिहून देण्याचं टेबल मांडता येईल. लॅपटॉप लागत नाही, पेन पुरतो.

सरकारकडे मागणी एवढीच की, नाव बंद करण्याआधी लेखी कळवा, आणि नवी तारीख मागण्याची सोय रेशन दुकानातच ठेवा. पासपोर्टला जे जमतं, ते भाकरीला जमलं पाहिजे. ते होईपर्यंत तारीख मागून आणणं आपलं काम आहे.