कॉलेज निवडायला गावानं हात द्यावा

दहावीचा निकाल लागला की मासवणच्या घराघरांत एकच प्रश्न : पोराला आता कुठं घालायचं? उत्तरही ठरलेलं, शेजारचा गेला तिथंच. घोटाळा होतो तो इथं.

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले. अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. हा क्रम सायबर कॅफेवाल्याच्या मर्जीवर सोडू नये. आधी पोराला विचारा, पुढं काय व्हायचंय? दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शेतीची पदवी हवी असेल तर बारावी विज्ञान लागतं; कला शाखेतून ती वाट नाही. तारापूरच्या कारखान्यात फिटर, वेल्डर व्हायचं तर आयटीआय बरी, पण तिचा अर्ज वेगळा. पालघरचं दांडेकर कॉलेज असो की बोईसरचं एखादं, शाखा, खर्च आणि एसटीची वेळ तिन्ही पाहा. मुलगी संध्याकाळी घरी कशी पोचणार, हे आधी न पाहिल्यानं दिवाळीपूर्वीच शिक्षण सुटतं.

इथं ग्रामसेवक, तलाठी आणि गुरुजींनी पुढं यावं. निकालाच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत एक दिवस बसून अर्ज भरून द्यावेत. उत्पन्नाचा व जातीचा दाखला कुणाचा अडला आहे, तेही तिथंच पाहावं. दाखल्यापायी आदिवासी पोराची सवलत बुडू नये.

भाताचं बियाणं आपण जमीन पाहून घेतो. पोराचं कॉलेज मात्र शेजाऱ्याकडे पाहून का घ्यावं?