प्रोसेसर थंड, घर शांत

आमच्या मालेगावात कूलर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो खिडकीत बसवलेला, गवताच्या ताट्या लावलेला पत्र्याचा कूलर. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये भाचा म्हणाला, "मामू, कूलर बदलायचाय, चांगला सांगा," तेव्हा माझी नजर आधी खिडकीकडे गेली. त्याला हवा होता संगणकातल्या प्रोसेसरवर बसणारा कूलर.

भाचा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. त्याच्या संगणकात इंटेलचा कोअर आय-५ १३६००के आहे. ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'के' असतो, त्याचा वेग वापरणाऱ्याला स्वतः वाढवता येतो. त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. भाच्याने तो वाढवला होता. वर एका पंख्याचा स्वस्त कूलर होता आणि एडिटिंगची फाइल तयार होताना तो पंखा पूर्ण वेगाने फिरायचा. घर दोन खोल्यांचं. ज्या खोलीत हा संगणक, त्याच खोलीत दादी झोपतात आणि धाकटी बहीण सीईटीचा अभ्यास करते. ती कानात कापूस घालून बसलेली मी पाहिली. दादींनी मला एवढंच विचारलं, "ही गिरणी रात्री किती वाजता बंद होते?"

माझं मत सरळ आहे. शांत कूलर शोधण्याआधी आपण किती उष्णता तयार करतोय आणि कशासाठी, हे ठरवलं पाहिजे. बाजारात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तो विचारला की विक्री कमी होते.

ओव्हरक्लॉकिंगला एके काळी मोठा अर्थ होता. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए ३०० मेगाहर्ट्झचा होता. हौशी लोक तो ४५० मेगाहर्ट्झवर चालवत. दीडपट वेग, जवळजवळ फुकट. आता कंपन्याच प्रोसेसरला त्याच्या मर्यादेच्या जवळ नेऊन विकतात. भाच्याचा प्रोसेसर काहीही न करता ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि पूर्ण भाराखाली १८१ वॅटपर्यंत वीज घेतो. त्यापुढे आपल्या हातात फार थोडं उरतं, आणि ते महाग पडतं. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर वीज सुमारे ३३ टक्के वाढते. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत येते.

आता कूलरकडे. खिडकीतला कूलर पाण्याची वाफ करतो, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा देतो. प्रोसेसरच्या कूलरमध्येही थोडं पाणी असतं, तांब्याच्या बंद नळ्यांत. त्यांना हीटपाइप म्हणतात. प्रोसेसरकडच्या टोकाला त्या पाण्याची वाफ होते, वर ॲल्युमिनियमच्या पात्यांपाशी ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या खरबरीत अस्तरातून खाली झिरपते. पण नळी बंद असल्याने इथे पाणी फक्त उष्णता वाहून नेतं. हा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही.

ही गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. थंड देशातल्या परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंश दाखवत असेल, तर तो हवेपेक्षा ४८ अंश वर आहे. मे महिन्यात आपली खोली ३८ अंशांवर असते. तेवढ्याच कामाला तोच प्रोसेसर साधारण ८६ अंश दाखवणार. पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरत असल्याने तो पंखाही जोरात फिरणार. म्हणजे परदेशी परीक्षणातला 'शांत' हा शब्द मालेगावच्या उन्हाळ्यात तसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याला गरजेपेक्षा एक पायरी मोठा कूलर घ्यावा लागतो.

मोठा का, याचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरवणं केव्हाही शांत. पात्यांचा पसारा मोठा असेल तर कमी हवेतही काम भागतं. ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरसाठी दोन मनोऱ्यांचा, सहा हीटपाइपांचा कूलर हाच माझा सल्ला. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा २०१४ साली आलेला एनएच-डी१५ हा त्यातला नावाजलेला. १४० मिलिमीटरचे दोन पंखे, कमाल वेग मिनिटाला १५०० फेरे. पण त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई मिळतो आणि बहुतेक घरांना तो पुरतो.

घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी बघा. थर्मलराइटची उंची १५५ मिलिमीटर, नॉक्टुआची १६५. एवढी जागा नसेल तर झाकण बसणार नाही. उंच रॅम असेल तर पंखा तिच्यावर अडतो. कॅबिनेटचा पुढचा भाग काचेचा नसून जाळीचा हवा, नाहीतर कूलर आतली गरम हवाच घुसळत बसतो. नंतर बायोसमध्ये जाऊन पंख्याचा कमाल वेग बांधून टाका आणि तापमान वाढल्यावर पंख्याने काही सेकंद थांबून वेग घ्यावा अशी सोय करा. एकसुरी आवाजाची सवय होते, पण सतत चढणारा-उतरणारा आवाज झोप मोडतो.

रंगीत दिव्यांचे पाण्याचे कूलर दुकानात आधी दाखवतात. सतत अडीचशे वॅटच्या वर काम असेल किंवा मोठा मनोरा मावत नसेल तर ते जरूर घ्यावेत. पण त्यांचं पाणीही शेवटी त्याच खोलीच्या हवेत उष्णता टाकतं, पंख्यांखेरीज पंपाचा आवाज असतो, आणि पंप बंद पडला की बहुतेकदा सगळा संचच बदलावा लागतो. हवेच्या कूलरचा पंखा बिघडला तर पंखा बदला, बाकी तांबं-ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं टिकतं.

काही वाचक म्हणतील, मालेगावच्या माणसाने आवाजाची तक्रार करावी? यंत्रमागांच्या खडखडाटात आम्ही वाढलो. आमच्यापैकी अनेकांचा बोलण्याचा आवाज त्यामुळेच चढा आहे. पण त्या खडखडाटातून घरात भाकरी येत होती. तो सहन करण्याला कारण होतं. प्रोसेसरच्या शेवटच्या पाच टक्क्यांतून काय येतं? भाच्याला मी त्याचीच एक फाइल दोन्ही प्रकारे करून बघायला सांगितली, वाढवलेल्या वेगाने आणि मूळ वेगाने. फरक दोन-तीन मिनिटांचा निघाला. गिऱ्हाईक अल्बम न्यायला चार दिवसांनी येतं.

आपल्याकडे इसराफ हा शब्द बहुतेक वेळा लग्नातल्या जेवणावळीसाठी वापरला जातो. गरज नसताना वीज जाळून ती उष्णता आणि तो आवाज दुसऱ्याच्या झोपेवर लादणं, हाही मला इसराफच वाटतो. शेजाऱ्याचा हक्क आपण मोठ्या तोंडाने सांगतो. त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाचा हक्क त्याहून जवळचा आहे.

भाच्याने शेवटी दोन मनोऱ्यांचा कूलर घेतला, ओव्हरक्लॉक काढला आणि व्होल्टेज थोडं खाली आणून संगणक स्थिर चालतो का ते दोन दिवस तपासलं. पहिल्या रात्री दादींनी विचारलं, "आज काम मिळालं नाही का रे?"

काम चालूच होतं. वेग पुन्हा वाढवायचं त्याने अजून सोडलेलं नाही. हिवाळ्यात बघू, म्हणतो. मी म्हटलं, बघ, पण आधी बहिणीला विचार.