अंगठ्याचा ठसा

या सदरात आम्ही नेहमी मुलांच्या अभ्यासाविषयी लिहितो. या महिन्यात एका खोक्याविषयी लिहिणार आहोत, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी. 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे, मियाँ-बीवी. चूक दोघांनी मिळून केली, म्हणून कबुलीही दोघांची.

गेल्या पावसाळ्यात मुलांचा मामू दुबईहून सुट्टीवर आला. खजूर, अत्तर, चॉकलेटे यांच्यासोबत धाकट्यासाठी एक चपटे खोके होते. वर एका अंतराळयानाचे चित्र. धाकटा नववीत आहे. त्याने घाईघाईने खोके उघडले आणि घरातल्या सगळ्यांची निराशा झाली. आत यान नव्हतेच. प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले करड्या रंगाचे तुकडे, सूचनांचा एक कागद आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या अक्षरांचा तक्ता, एवढेच. दादीअम्मा म्हणाल्या, "दुकानदारानं तुटलेलं खेळणं गळ्यात मारलं वाटतं."

ते खेळणे नव्हते, किट होते. तुकडे आपणच कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. 'स्टार ट्रेक' नावाची अमेरिकन टीव्ही मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्यातले 'एंटरप्राइज' हे यान म्हणजे एक मोठी बशी, तिच्याखाली लांबट पोट आणि मागे वर उचललेल्या दोन नळ्या, म्हणजे इंजिने. कथेतले यान २८९ मीटर लांब. आमचे किट हजारास एक या प्रमाणाचे, म्हणजे तयार झाल्यावर सुमारे २९ सेंटिमीटर. गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्याला कंटाळणाऱ्या आमच्या मुलाने हा हिशेब तोंडी केला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले.

काम सुरू झाले. आधी सगळे तुकडे भांडी घासायच्या साबणाने धुवायचे, कारण साच्यातून सुटून यावेत म्हणून लावलेला तेलकटपणा अंगावर राहिला तर रंग धरत नाही. मग बारीक कटरने तुकडा चौकटीपासून किंचित दूर कापायचा आणि उरलेले टोक पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचे, आधी ४०० नंबर, मग ६००. जोडायला जे सिमेंट मिळते ते आपल्या नेहमीच्या गोंदासारखे चिकटत नाही. ते प्लॅस्टिकला वितळवते आणि दोन तुकडे एकजीव करते. म्हणूनच त्यात धोका आहे. सिमेंट लागलेले बोट तुकड्यावर पडले की बोटाच्या रेषा प्लॅस्टिकमध्येच उमटतात. पुसून जात नाहीत.

धाकट्याचे तसेच झाले. बशीचे दोन भाग जोडताना त्याचा अंगठा वरच्या बाजूला, कडेजवळ पडला. ठसा स्पष्ट उमटला. तो कावराबावरा झाला, पण बाकीचा जोड चांगला बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने पहिला रंगही मारला. तो थोडा ओघळला. तरीही तो खूश होता. ठसा दाखवून बहिणीला म्हणाला, "हा माझा शिक्का."

आम्हा दोघांचा पेशा शिकवण्याचा. चुकलेले दिसले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. त्या रात्री मुले झोपल्यावर एकाने टेबललॅम्प धरला आणि दुसऱ्याने पॉलिश पेपर. तासभर घासून ठसा काढला, ओघळ काढला, वर नवा रंग मारला. काम सुरेख झाले. सकाळी मुलाला आनंद होईल अशी आमची खात्री होती.

सकाळी त्याने बशी हातात घेतली, फिरवून पाहिली, काहीच बोलला नाही. सगळे तुकडे खोक्यात भरले आणि खोके कपाटावर ठेवले. आम्ही विचारले तर म्हणाला, "झालं ना. आता तुम्हीच करा."

दोन महिने खोके तिथेच राहिले. त्या काळात तो आमच्याशी भांडला नाही, उलटून बोलला नाही. विचारलेल्याचे उत्तर द्यायचा, एवढेच. अभ्यासाची वही मात्र दाखवेनासा झाला. सहामाहीत गणितात काठावर सुटला हे आम्हाला निकालपत्रकावरूनच कळले. घरात आवाज वाढला तर आईबापांना कळते की काहीतरी बिघडले आहे. मूल गप्प झाले तर आपण त्याला समजूतदारपणा समजतो. आम्हीही काही दिवस तसेच समजलो.

खोक्यावरचे चित्र रोज दिसायचे, म्हणून आम्ही त्या यानाविषयी वाचू लागलो. मॅट जेफरीज यांनी आखलेल्या या यानाची चित्रीकरणाची मोठी प्रतिकृती १९६४ साली बनवली गेली. लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिकची, ११ फुटांहून लांब. पुढे तिच्यात दिवे बसवले. इंजिनांच्या पुढच्या गोल टोपांत रंगीत बल्ब आणि मोटारीवर फिरणाऱ्या पट्ट्या टाकल्या. एवढ्या दिव्यांच्या तारा कुठून तरी बाहेर काढणे भाग होते. त्या डाव्या बाजूने काढल्या. म्हणून चित्रीकरण उजव्या बाजूने व्हायचे, आणि डावी बाजू बारीकसारीक कामाशिवाय तशीच राहिली. पडद्यावर ज्या यानाने लोकांना भुरळ घातली, त्याच्या एका अंगाला तारा लोंबत होत्या.

१९७४ साली ही प्रतिकृती अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेला देण्यात आली. पुढे तिची एकापेक्षा अधिक वेळा डागडुजी झाली. शेवटची मोठी दुरुस्ती करून २०१६ मध्ये ती वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात पुन्हा मांडली गेली. जुन्या बल्बांच्या जागी एलईडी आले, बराचसा रंग नव्याने दिला गेला. बशीच्या वरच्या बाजूचा, १९६० च्या दशकातला मूळ रंग मात्र त्यांनी राखला. तो हलक्या हाताने स्वच्छ केला, त्यावर नवा थर चढवला नाही.

हे वाचून आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो. त्या जाणकारांकडे उत्तम रंग होते, साधने होती, कसबी हात होते. तरी ज्याने आधी काम केले त्याच्या हाताची खूण त्यांनी ठेवली. आणि आम्ही आमच्या मुलाच्या बशीची तीच वरची बाजू एका रात्रीत घासून साफ केली होती.

त्या संध्याकाळी चहा घेताना आम्ही त्याला सांगितले, "बेटा, बशी आम्ही घासायला नको होती. काम तुझं होतं. चूक आमची झाली." आपल्या घरांत मोठी माणसे लहानांपुढे हे वाक्य सहसा बोलत नाहीत. आमच्याही तोंडून ते सहज निघाले नाही. तो मान खाली घालून चहात बिस्किट बुडवत राहिला. मग आम्ही त्याला संग्रहालयाची आणि डाव्या बाजूच्या तारांची हकीकत सांगितली. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग आपल्यात दिवे लावले तर तारा कुठून काढायच्या, अब्बा?"

खोके कपाटावरून खाली आले. यावेळी ठरले की हात त्याचेच लागतील. आम्ही बाजारहाट करायची आणि बोलावले तरच जवळ जायचे.

दिव्यांचे काम जोडण्यापेक्षा अवघड निघाले. पहिला एलईडी त्याने सरळ ९ व्होल्टच्या बॅटरीला लावला. क्षणभर लख्ख चमकला आणि कायमचा विझला. आमच्या ओठांवर आलेले व्याख्यान आम्ही गिळले. दुसऱ्या दिवशी तो विज्ञानाच्या पुस्तकातला ओहमचा नियम घेऊन बसला. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३ व्होल्ट. ९ मधून ३ गेले, उरले ६. विद्युतधारा २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. ६ भागिले ०.०२ म्हणजे ३०० ओहम. दुकानात त्याच्या जवळचा, थोडा मोठा रेझिस्टर मिळाला ३३० चा. लाल एलईडीला २ व्होल्ट पुरतात, म्हणून त्याला ३९०. प्रत्येक दिव्याला स्वतःचा वेगळा रेझिस्टर. बॅटरी काही तासांतच मंद झाली, तेव्हा त्याने जुन्या मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर वापरायचे ठरवले आणि सगळा हिशेब न सांगता पुन्हा केला. पांढऱ्याला १००, लालला १५०.

मग दुसरी अडचण. दिवा लावला तर खिडक्यांऐवजी सगळी बशीच कंदिलासारखी उजळली. पातळ प्लॅस्टिकमधून उजेड आरपार येतो. यावर उपाय असा की आतून आधी काळा रंग द्यायचा, तो वाळला की त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो आतल्या आत परतवतो. मग उजेड जाईल तर फक्त भोकांतून.

खिडक्यांसाठी त्याने हाताने फिरवायच्या ड्रिलने अर्ध्या मिलिमीटरची भोके पाडली. तीन पाती मोडली. प्रत्येक भोकात ऑप्टिकल फायबरचा धागा ओवला आणि आतून फेविकॉलने चिकटवला. झटपट चिकटणारा गोंद इथे चालत नाही, त्याने धागा ठिसूळ होतो. टोके बाहेर ठेवूनच वरचा रंग मारायचा आणि शेवटी ती पृष्ठभागाला लागून कापायची. कापलेले टोक स्वच्छ राहते आणि तिथून उजेडाचा ठिपका दिसतो. आम्ही वर्गात उर्दूचे नुक्ते गिरवून घेतो. एक नुक्ता हलला की 'खे'चा 'जीम' होतो, हे मुलांना शंभरदा सांगतो. इथे आमचा मुलगा चाळीस नुक्ते एका ओळीत बसवत होता आणि आम्ही पाहत होतो.

इंजिनांना धरणारे खांब इतके पातळ की नेहमीची वायर मावेना. ती अडचण मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात सुटली. तिथली तांब्याची केसासारखी तार त्याने खांबाच्या खाचेतून नेली. तिच्यावर लाखेसारखा लेप असतो. सोल्डर करण्याआधी टोकाचा लेप ब्लेडने खरवडावा लागतो, हे त्या दुकानातल्या चाचांनी त्याला शिकवले. आम्हा दोघा पदवीधरांना ते ठाऊक नव्हते.

बशी कायमची बंद करण्याआधी त्याने दिवे पूर्ण एक दिवस चालू ठेवले. एकदा बंद केली की आतला दिवा दुरुस्त करता येत नाही. वेळ घेऊन, थांबून पाहणे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

या छंदात नकाशाबाहेर जायलाही मोकळीक आहे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटासाठी जॉर्ज लुकास यांच्या कारागिरांनी कॅलिफोर्नियात बाजारातली रणगाड्यांची, विमानांची किटे आणली आणि त्यांचे सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवून ती खरीखुरी यंत्रे वाटतील अशी बनवली. जपानमध्ये 'गुंडम' या १९७९ च्या मालिकेतल्या यंत्रमानवाचे पहिले किट १९८० साली ३०० येनला निघाले. मुलांनी खाऊच्या पैशांतून घ्यावे असे ते होते. आजच्या अशा बऱ्याच किटांना सिमेंटही लागत नाही, तुकडे दाबले की बसतात.

ज्या पालकांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिले किट लहान आणि दाबून जोडायचे घ्या, दिवे नंतर. ब्लेड आणि सोल्डरिंग मोठ्यांच्या नजरेसमोरच. सिमेंट आणि स्प्रेचा वास डोक्यात जातो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. स्प्रे मारायचा तर गच्चीवर, तोंडाला मास्क लावून. आणि चौथी गोष्ट, जी आम्ही महाग शिकलो: मूल झोपल्यावर त्याचे काम 'नीट' करू नका. वही असो, चित्र असो की यान.

यान आता बैठकीच्या खोलीत आहे. तारा डाव्या अंगाने निघून स्टँडमध्ये गेल्या आहेत. तिथला रंग थोडा फुगला आहे, एक खिडकी पेटतच नाही. मगरिबनंतर तो चार्जर लावतो. पाहुणे आले की दादीअम्माच त्यांना ओढून नेतात आणि सांगतात, "आमच्या नातवानं केलंय."

बशीच्या कडेजवळचा ठसा मात्र गेला तो गेलाच. आम्ही एकदा त्याला म्हटले, हवा तर तिथे पुन्हा अंगठा लाव. तो हसला. म्हणाला, "मुद्दाम लावलेला शिक्का होत नाही, अम्मी." काही दिवसांनी त्याने गणिताची वही मात्र न मागता समोर ठेवली. त्यात चुका होत्या. आम्ही लाल पेन बाजूला ठेवला आणि विचारले, "हे गणित कसं सोडवलंस, ते सांग."